कंसातले आकडे

विद्यापीठाच्या परीक्षा इमारतीत तळमजल्याच्याही अर्धा मजला खाली उतरलं की प्रबंध विभाग लागतो. तिथं तीन टेबलं आहेत. त्यातल्या भिंतीकडच्या टेबलावर एकतीस वर्षं जे गृहस्थ बसत आले होते, त्यांना सगळे समासकाका म्हणत. हे नाव त्यांना इतिहासाच्या एका विद्यार्थ्यानं चिडून दिलं होतं. त्याचा सहाशे पानांचा प्रबंध काकांनी परत पाठवला होता, कारण डावा समास दीड इंच हवा तिथं सव्वा इंच होता.

"माझं आठ वर्षांचं काम तुम्ही पाव इंचापायी अडवलंत," तो म्हणाला होता.

"काम कुठं पळून जातंय? पण शिवणीत अक्षरं जातील. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीचा पहिला शब्द दिसायचा नाही," काका म्हणाले होते.

विद्यार्थी पाय आपटत गेला, नाव मात्र मागे राहिलं.

काकांची सही झाल्याशिवाय कुठलाही प्रबंध परीक्षकांकडे जात नसे. स्टीलची पट्टी, भिंग आणि लाल पेन्सिल एवढीच त्यांची हत्यारं. समास मोजायचे, पानांचे क्रमांक लावून बघायचे, मार्गदर्शकाची सही आहे की नाही बघायचं आणि आत ज्याचं नाव आलंय ते शेवटच्या संदर्भसूचीत सापडतंय का ते ताडायचं. नव्यानं आलेल्या माणसाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "वाचायचं नसतं, बघायचं असतं. वाचायला लागलात की गुंतलात, आणि गुंतलात की चूक निसटलीच." साडेतीन-चार हजार प्रबंध त्यांच्या हाताखालून गेले असतील. त्यातल्या एकातही काय लिहिलंय ते त्यांना सांगता आलं नसतं.

चेहरा न बघता प्रबंधावरून माणूस ओळखायची कला मात्र त्यांना साधली होती. साहित्यवाल्यांच्या तळटिपा पानभर पसरलेल्या, खाली जागा संपली की पुढच्या पानावर ओघळणाऱ्या. उपचारशास्त्रवाल्यांचे सगळे संदर्भ आकड्यांत, औषधाच्या गोळ्या मोजून दिल्यासारखे. ग्रंथालय आणि माहितीशास्त्रवाल्यांची सूची नेहमीच टापटीप. शोधायचं कसं हेच ते शिकवतात म्हटल्यावर असणारच. त्यांच्या सूचीत एखादा चुकलेला स्वल्पविराम सापडला की काकांचा दिवस बरा जायचा.

अलीकडे मात्र बरे दिवस कमी झाले होते. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं आणि काका आताशा जिना चढताना नाही, उतरतानाच दमायचे. कारण उतरायच्या आधीच निम्मा दिवस होऊन गेलेला असायचा.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला पक्षाघाताचा झटका आला. ती रेल्वे स्टेशनात चौकशीच्या खिडकीवर बसायची, बावीस वर्षं. गावात तिला ओळखणारी माणसं काकांना ओळखणाऱ्यांच्या दसपट होती. खिडकीसमोरचा माणूस "अहो, ती..." म्हणेपर्यंत तिचं "पाच नंबर, वीस मिनिटं उशीर" सांगून झालेलं असायचं. त्याच खिडकीत एका सकाळी ती बोलता बोलता थांबली, आणि रांगेतल्या लोकांना वाटलं की माइक बिघडला.

उजवा हात गेला, पाय निम्मा परत आला. समजत सगळं होतं. शब्द तेवढे जागेवर राहिले नव्हते. हवा तो शब्द शोधायला तिला वेळ लागायचा, आणि कधीकधी भलताच हाती यायचा. घरातल्या खोल्यांना ती फलाटांचे नंबर द्यायची. स्वयंपाकघर म्हणजे तीन नंबर, कारण स्टेशनात तीन नंबरवर कायम गर्दी आणि वाफ. पहिल्यांदा ती "तीन नंबरवर दूध उतू" म्हणाली तेव्हा दोघं पोट धरून हसले होते. आजारपणानंतरचं ते पहिलंच हसणं.

सकाळी पाचला काकांचा दिवस सुरू व्हायचा. तिच्या हातापायांचे व्यायाम, आंघोळ, बटणं, वेणी. वेणी घालायला ते पन्नाशी उलटल्यावर शिकले, आणि समास नीट राखणाऱ्या माणसाला भांग काही सरळ पाडता येईना. मग चहा, पाव, गोळ्या, दुपारचं जेवण डब्यात झाकून ठेवणं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी शेजारच्या वहिनी तिला पुनर्वसन केंद्रात घेऊन जात. तिथं भाषोपचाराचा एक गट होता. झटका येऊन गेलेली आठ-दहा माणसं गोल बसून बोलायचा सराव करत. काकांना कधी जाता आलं नव्हतं. संध्याकाळी घरी आलं की भाजी, भात, भांडी, पुन्हा गोळ्या. लेक परगावी होती, रविवारी फोन करायची. "बाबा, दमता का हो फार?" असं विचारायची. "छे," काका म्हणायचे. फोनवर दुसरं काय सांगणार?

बायको काही मागायला लागली की, "मला... ते..." एवढं म्हणून अडायची. काका विचारायचे, "टॉवेल? चष्मा? पाणी?" तिसऱ्या-चौथ्या शब्दाला ती मान हलवायची, की काम झालं. "भावजी, तुम्हाला त्यांच्या मनातलं कळतं," असं वहिनी म्हणायच्या, आणि काकांना ते ऐकायला बरं वाटायचं. गेल्या दीडेक वर्षात ती आणखी कमी बोलायला लागली होती. डॉक्टर म्हणाले होते की एका टप्प्यानंतर सुधारणा थांबते. काकांनी ते मान्य करून टाकलं. मान्य केलं की त्या गोष्टीचे कष्ट संपतात, असं त्यांना वाटत असे.

त्या सुमारास तो प्रबंध टेबलावर आला.

विभागात त्याची ख्याती आधीच पोचली होती. त्याला एक नव्हे, तीन मार्गदर्शक होते: एक साहित्याच्या विभागातले, एक माहितीशास्त्रातले, आणि एक पुनर्वसन उपचार शिकवणाऱ्या बाई. दोनदा मुदतवाढ झाली होती, कारण हा प्रबंध नेमका कुठल्या विभागाचा हेच ठरत नव्हतं. शीर्षक चार ओळींचं होतं. त्याचा मथितार्थ असा की आजारपणात बोलणं गेलेला माणूस स्वतःबद्दलची माहिती कशी शोधतो, कशी साठवतो आणि दुसऱ्याला कशी सांगतो. लिहिणारी चाळिशीला टेकलेली होती, आधी नऊ वर्षं भाषोपचार करणारी. विभागात तिला तीनगाइडवाली म्हणत.

तीन मार्गदर्शकांनी संदर्भ द्यायच्या तीन पद्धती सांगितल्या होत्या आणि त्या बापडीनं कोणालाच दुखवलं नव्हतं. पहिल्या प्रकरणात तळटिपा, दुसऱ्यात कंसात आडनाव आणि साल, तिसऱ्यात नुसते आकडे. काकांनी कपाळाला हात लावला आणि पेन्सिलीला टोक काढलं. चौथ्या प्रकरणात तर कहर होता. रुग्णांच्या मुलाखती जशाच्या तशा उतरवलेल्या, आणि दर ओळीत दोन-दोन, तीन-तीन कंस. (४), (११), पुन्हा (४). एकच संदर्भ एका ओळीत तीनदा? शेहेचाळीस पानं काकांनी लालेलाल केली आणि प्रबंध परतीच्या कप्प्यात ठेवला.

दोन दिवसांनी तीनगाइडवाली आली. बाहेरच्या बाकावर वाट बघता बघता तिला डुलकी लागली होती. हाक मारल्यावर ती दचकून उठली आणि पर्स तिथंच विसरून आत आली. मग पुन्हा जाऊन घेऊन आली.

"काका, चौथ्या प्रकरणातले आकडे तुम्ही लाल केलेत. ते संदर्भ नाहीत."

"मग काय आहेत?"

"सेकंद आहेत. माणूस बोलता बोलता किती वेळ थांबला, ते. कंसात अकरा म्हणजे अकरा सेकंद गप्प. पान एकशे अठ्ठावीसवर खुलासा दिलाय."

"खुलासा मी वाचला नाही," काका म्हणाले.

"कोणीच वाचत नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार करायला लागणारी ताकद तिच्याकडे उरलेली दिसत नव्हती.

चूक काकांची होती. एकतीस वर्षांत अशी चूक बोटावर मोजण्याइतकी. "ठेवून जा, मी खोडून देतो," ते म्हणाले. पुन्हा छपाई करायला लावणं त्यांच्या जिवावर आलं.

दुपारी खोडरबर घेऊन ते बसले. लाल खूण खोडायची तर अलगद खोडावी लागते, नाहीतर खालचं अक्षर पुसट होतं. त्यामुळे प्रत्येक कंसावर थांबावं लागत होतं, आणि थांबलं की कंसाच्या अलीकडचं पलीकडचं दिसत होतं. काका नकळत वाचायला लागले. एक शिक्षक होता, त्याला बायकोचं नाव आठवत नव्हतं पण तिच्या आईचं आठवत होतं. एक ड्रायव्हर होता, तो फक्त शिव्या न अडखळता देऊ शकत होता. नावं कोणाचीच नव्हती, नुसते क्रमांक.

सहभागी क्रमांक नऊ. स्त्री, वय चोपन्न. पूर्वी लोकांना माहिती देण्याची नोकरी. पहिल्याच ओळीत होतं: "सकाळी (५) तीन नंबरवर गडबड असते. (७) स्वयंपाक."

काकांचा रबर थांबला. मग त्यांनी पान सरळ केलं, चष्मा पुसला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा एखादा प्रबंध नीट वाचला.

"घरी (६) कमी बोलते मी. इथं (४) जास्त."

"का?" संशोधिकेनं विचारलं होतं.

"ते (३) पुरवतात. शब्द. मी शोधत असते (१४) तोवर हातात ठेवतात."

"आणि तो बरोबर असतो?"

"असतो. (८) निम्म्या वेळा. (१७) नसला तरी मान हलवते. (६) ते दमलेले असतात."

खाली आणखी होतं. "मी पण (४) खिडकीवर तेच. लोक म्हणायचे, अहो, ती (३) की मी सांगून मोकळी. (९) एक म्हातारे होते. रोज यायचे. गाडी नको असायची त्यांना. (२१) त्यांचं वाक्य मी कधी पुरं ऐकलंच नाही."

काकांनी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि एकवीस सेकंद मोजले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तेवढ्यात एक फाइल बांधली, दुसरी सोडली आणि त्या पाणीही प्यायल्या. एकवीस सेकंद फार लांब असतात. समोर बसून कोणीतरी एवढा वेळ तिच्या शब्दाची वाट बघितली होती.

त्यांना गेल्याच आठवड्यातली शाल आठवली. "मला... ते..." ती म्हणाली, यांनी "शाल?" विचारलं, तिनं मान हलवली. भर दुपारी ती शाल पांघरून घाम पुसत बसली होती. आणि यांना वाटलं होतं की हिला कणकण आहे.

घरी गेल्यावर त्यांनी ठरवून गप्प राहायचा प्रयत्न केला. बायको म्हणाली, "मला... ते..." काका तिच्याकडे बघत उभे राहिले. मनात मोजत होते. आठपर्यंत आल्यावर जीभ वळवळायला लागली. बारापर्यंत कसेबसे थांबले. ती शब्द शोधायचं सोडून त्यांच्याच तोंडाकडे बघायला लागली.

"बरं... नाही का?" तिनं विचारलं.

"बरं आहे की."

"चिडलात?"

"नाही."

मग काय हवं होतं तेच ती विसरून गेली. न बोलणारा नवरा समोर उभा राहिला की कुठल्या बाईला बरं वाटेल? तिला काय हवं होतं ते त्या दिवशी दोघांनाही कळलं नाही.

पुढचे दोन दिवस प्रबंध बाकीच्या गठ्ठ्याखाली राहिला. नियम काकांना तोंडपाठ होता: मुलाखत दिलेल्या माणसाची ओळख पटता कामा नये. ओळख पटत असेल तर तसा शेरा मारायचा आणि प्रबंध दुरुस्तीला पाठवायचा. आता ओळख तर पटली होती. पण शेरा मारायचा तर कशी पटली ते लिहावं लागणार, आणि न मारावा तर खाली सही कुठल्या तोंडानं करणार? तिसऱ्या दिवशी ते फाइल काखेत मारून उपकुलसचिव बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. सांगताना शालीचंही सांगून गेले. ते सांगायची गरज नव्हती.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्याही टेबलावर फायलींचा डोंगर होता.

"नवऱ्यानं ओळखलं तर ते ओळखणं धरायचं का, काका?"

"धरायचं. नवऱ्यापासून तर आधी लपायला हवं," काका म्हणाले.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. "मग शेरा लिहा. या प्रबंधावर सही मी करते. तुम्ही घरचेच झालात. आणि काका, एखाद्या दिवसाची रजा घ्या."

"रजेच्या दिवशी घरी जास्त काम असतं," काका म्हणाले आणि उठले.

शेरा वाचून तीनगाइडवाली धावत आली. खुर्चीत बसली आणि शेऱ्याचा कागद टेबलावर ठेवला. मुदतीला अकरा दिवस उरले होते.

"कोणी ओळखलं, ते विचारू शकते का?"

"मी."

"क्रमांक नऊ कोण आहेत ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. हो नाही, काहीच नाही."

"तुम्ही सांगू नका. ती माझी बायको आहे."

ती नुसती बसून राहिली. नवलही दाखवलं नाही, नाकारलंही नाही. ही गप्प बसायला शिकलेली बाई आहे, हे काकांच्या लक्षात आलं. ती वाट बघत होती, आणि त्या वाट बघण्यापुढे काकांना बोलल्याशिवाय राहवेना. "मला वाटत होतं, मी तिला मदत करतोय," ते म्हणाले.

"असं सगळ्याच घरांत वाटतं, काका. मी स्वतः नऊ वर्षं रुग्णांना शब्द पुरवत होते. ताशी चार रुग्ण बघायचे असले की कोण थांबतं? थांबायला सवड मिळाली ती या संशोधनामुळे. आणि आता त्यातही मुदत आली," ती म्हणाली. पर्सचा पट्टा तिनं बोटाला गुंडाळला. "मी त्या सहभागींना विचारते. मजकूर त्यांचा आहे. काढायचा का ठेवायचा, ते त्या ठरवतील. तुम्ही नाही, मीही नाही."

मंगळवारी संध्याकाळी काका घरी आले तेव्हा बायको बाहेरच्या खोलीत, पायांत बूट तसेच ठेवून खुर्चीत बसली होती. वहिनी सोडून गेल्या होत्या.

"बसा," ती म्हणाली.

काका मांडीवर पिशवी घेऊन बसले.

"वाचलं?"

"हो."

"सगळं?"

"तुझंच तेवढं."

तिला हसू आलं. अर्ध्या चेहऱ्यानं हसायची तिची नवी रीत होती. मग ती बोलायला लागली. काका सवयीनं सेकंद मोजायला लागले, पण मोजण्याच्या नादात तिचा एक शब्द हुकला, म्हणून त्यांनी मोजणं सोडून दिलं. तिला सांगायचं होतं की हे सगळं लपवून केलेलं नव्हतं. मुलाखतीचा फॉर्म आला तेव्हा ती लागोपाठ तीन संध्याकाळी सांगायला बघत होती. "फॉर्म..." म्हटलं की काका म्हणायचे, "पेन्शनचा ना? आणतो." चौथ्या दिवशी त्यांनी पेन्शनचा फॉर्म भरूनसुद्धा आणला. मग तिनं मान हलवली आणि केंद्रातला फॉर्म डाव्या हातानं सही करून देऊन टाकला.

"वाईट... वाटलं?" तिनं विचारलं.

"वाटलं."

"मलाही. सांगताना."

"काढून टाकायचं का ते?"

"नाही."

"लोक वाचतील गं."

"कोण?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. दोन परीक्षक, तेही चाळून. मग ग्रंथालयातलं कपाट. "तसं कोणी वाचत नाही," ते म्हणाले.

"मग राहू दे. कुठंतरी... पुरं... असू दे."

काका पिशवीचे बंद चाळवत राहिले. "मला घाई असते," ते शेवटी म्हणाले. "वाईट हेतू नसतो. एक शब्द लवकर मिळाला की पुढचं काम लवकर होतं. तू शोधत असताना मी नुसता बसून काय करू?"

"बसा," ती म्हणाली.

भाजी त्या दिवशी झाली नाही. दोघांनी पाव आणि दूध खाल्लं, आणि तिचे बूट काढायचे राहिलेत हे काकांच्या फार उशिरा लक्षात आलं.

प्रबंधात बदल झाले ते थोडेच. "लोकांना माहिती देण्याची नोकरी"ऐवजी "कार्यालयीन नोकरी" आली, खिडकीची "जागा" झाली, गाड्यांची "कामं" झाली. आणि तीन नंबरचा चार नंबर झाला. हे शेवटचं बायकोला अजिबात पटलं नाही. "चार... मालगाडी," ती तुच्छतेनं म्हणाली. चार नंबरवर फक्त मालगाड्या लागायच्या. पण नियम म्हणजे नियम, आणि तो नियम समजावून सांगणारा माणूस तिच्या घरातच बसलेला.

अकराव्या दिवशी प्रबंध दाखल झाला. सात महिन्यांनी तोंडी परीक्षा झाली. तीनगाइडवाली उत्तीर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा रुग्ण बघायला लागली, ताशी चार. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच दुरुस्ती सुचवली होती: कंसातल्या आकड्यांनी वाचनात व्यत्यय येतो, ते मागे परिशिष्टात एका तक्त्यात घालावेत. मुदत पुन्हा थोडीच होती. तिनं मुकाट्यानं तसं केलं.

बांधलेली प्रत ग्रंथालयात जाण्याआधी एका शुक्रवारी ती केंद्रात घेऊन आली. काकांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. बायकोनं पान उघडून वाचलं. तिचं बोलणं सलग छापलेलं होतं, पूर्णविरामापासून पूर्णविरामापर्यंत, कुठंही न अडखळता.

"मी... एवढी भराभर?" ती म्हणाली.

काकांनी मागचा तक्ता काढून दाखवला. आकडे तिथं ओळीनं उभे होते, बोलण्यापासून सुटलेले. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि प्रत मिटली. मग गटातल्या त्या ड्रायव्हरनं एक सणसणीत शिवी दिली, अगदी स्पष्ट, आणि सगळेजण हसले.

घरी फार मोठा बदल झाला असं म्हणता यायचं नाही. सकाळच्या धावपळीत काका अजून शब्द पुरवतात. चुकीचा असला की ती आता मान हलवत नाही, डावा हात वर करते. मग काका पुन्हा विचारतात, कधी वैतागून. संध्याकाळी मात्र ते बसतात. याची त्यांना वेगळीच दमणूक होते. भांडी घासण्यापेक्षा ऐकण्यानं जास्त दमतो माणूस, असं त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती थोडी घाबरली. तिच्या प्रश्नाला "छे" सोडून दुसरं उत्तर पहिल्यांदाच मिळालं होतं.

आणि सांगायला लागल्यावर बायकोकडे सांगण्यासारखं भरपूर निघालं. त्यात बव्हंशी तक्रारी होत्या. मुलगी झाली तेव्हाच्या, घर बदललं तेव्हाच्या, सासूबाई असतानाच्या. सव्वीस वर्षांचा साठा हळूहळू उतरत होता.

मागच्या रविवारी दुपारी ती एका जुन्या प्रवासाचं सांगत होती. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, कुठल्याशा नणंदेकडे जायचं होतं, आणि काकांनी कुठलीतरी एक गोष्ट ऐनवेळी केली नव्हती. कुठली, ते अजून आलं नव्हतं. अर्धा तास झाला होता. काकांना तो प्रवासच आठवत नव्हता, आणि डोळे जड झाले होते.

"उरलेलं संध्याकाळी सांगशील?" त्यांनी विचारलं.

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं.

"झोपा," ती म्हणाली. "मी... शोधून ठेवते."

काका तिथंच, खुर्चीत मान टाकून झोपले.